चरित्र की खानेसुमारी?

शंकेखोर : दूरच्या रेडिओ दीर्घिकांवर काम करणारी मंडळी ‘दीर्घिकांची उत्क्रांती’ हे शब्द इतक्या सहज उच्चारतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी एखादी दीर्घिका लहानाची मोठी होताना पाहिली आहे. प्रत्यक्षात तसं कुणीही पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नाही. आकाशातून रेडिओलहरी येतात हे कार्ल जान्स्कीनं जाहीर केलं ते १९३३ साली. म्हणजे या शास्त्राला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, आणि ज्यांच्याबद्दल ते बोलतं त्यांचं आयुष्य हजार कोटी वर्षांचं. प्रत्येक दीर्घिकेचं आपल्याकडे एकच चित्र आहे आणि एकच राहणार. वेगवेगळ्या दीर्घिकांची अशी सुटी चित्रं ओळीनं मांडायची आणि ती एकीचंच बालपण, तारुण्य, वार्धक्य आहे असं म्हणायचं, याला उत्क्रांती म्हणायला मी कचरतो. विल्यम हर्शेलनं १७८९ साली आकाशाला बागेची उपमा दिली होती. बागेत एकाच वेळी अंकुर, फुलोरा आणि वठलेली खोडं दिसतात, तेव्हा झाडाचं अख्खं आयुष्य एका फेरीत वाचता येतं, असा त्याचा मुद्दा. उपमा सुंदर आहे, म्हणूनच धोक्याची. बागेत फिरणाऱ्यानं आधी कुठेतरी बी रुजताना पाहिलेलं असतं. ज्यानं एकही रोप वाढताना पाहिलं नाही, त्यानं तुळशीला आंब्याचं बालपण ठरवलं तर त्याला कशाच्या आधारावर चूक म्हणणार?

उत्साही : हर्शेलकडे अंतर मोजायचं साधन नव्हतं, त्यामुळे कोणतं चित्र केव्हाचं हे त्याला ठरवता येत नव्हतं. आपल्याला येतं. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या बाजूला सरकतात. त्या किती सरकल्या ते सांगणारा आकडा म्हणजे रेडशिफ्ट, आणि त्यावरून तो प्रकाश किती काळापूर्वी निघाला याचा हिशेब करता येतो. सिग्नस ए या आपल्या आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ दीर्घिकेची रेडशिफ्ट ०.०५६ आहे. तिचा आज पोचलेला प्रकाश सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. ‘स्पायडरवेब’ या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या रेडिओ दीर्घिकेची रेडशिफ्ट २.१६, प्रकाश सुमारे १,०६० कोटी वर्षांपूर्वीचा. टीएन जे०९२४-२२०१ ही दीर्घिका १९९९ साली ५.१९ रेडशिफ्टवर सापडली. तिथून प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचंच वय जेमतेम ११० कोटी वर्षं होतं. म्हणजे आपली चित्रं सुटी असली तरी प्रत्येकावर तारीख आहे. मी कुणा एका दीर्घिकेचं चरित्र सांगत नाही. मी खानेसुमारी सांगतो. अमुक युगात कोणत्या प्रकारच्या किती दीर्घिका होत्या, पुढच्या युगात किती उरल्या, एवढंच.

आणि त्यासाठी रेडिओ दीर्घिकाच का, याचंही उत्तर सिग्नस एमध्येच आहे. १९५३ साली जॉड्रेल बँकेला जेनिसन आणि कोलकात्याहून गेलेले दासगुप्ता यांनी दाखवलं, की तिचा रेडिओ प्रकाश मधोमध नाही, दोन बाजूंच्या दोन ठिगळांतून येतो. केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरात वायू पडतो, तिथून दोन विरुद्ध दिशांना झोत सुटतात आणि दीर्घिकेच्या बाहेर, लाखो प्रकाशवर्षांपर्यंत, इलेक्ट्रॉनांचे ढग फुगवतात. हे चित्र स्पष्ट व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. साध्या प्रकाशात सिग्नस ए म्हणजे अंधूक ठिपका, पण रेडिओत तिच्यापेक्षा तेजस्वी वस्तू आकाशात मोजक्याच. शिवाय वाटेतली धूळ रेडिओलहरींना अडवत नाही. म्हणूनच १९६० साली मिन्कोव्स्कीनं ३सी २९५ ही दीर्घिका ०.४६ रेडशिफ्टवर शोधली ती रेडिओ यादीतून, आणि सर्वांत दूरच्या दीर्घिकेचा तो विक्रम पुढं दीड दशक टिकला. जेमतेम सत्तावीस वर्षांच्या त्या शास्त्रानं विश्वाच्या इतक्या खोलवर नजर टाकली, ती निव्वळ या तेजाच्या जोरावर.

शंकेखोर : सिग्नस एचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. १९५४ साली बाडे आणि मिन्कोव्स्की यांनी तिची छायाचित्रं छापली, तेव्हा त्यांचं स्पष्टीकरण होतं, की दोन दीर्घिका एकमेकींवर आदळत आहेत. चित्र तेच, तारीख तीच, गोष्ट साफ वेगळी. आता तुमच्या खानेसुमारीकडे येतो. तिचा पहिला मोठा प्रयोग केंब्रिजला मार्टिन राइल यांनी केला. रेडिओ स्रोत अवकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले आणि सारखेच असतील, तर दुर्बिणीची नजर चौपट अंधूक स्रोतांपर्यंत पोचल्यावर त्यांची संख्या आठपट व्हायला हवी. राइल यांच्या १९५५ च्या यादीत १,९३६ स्रोत होते आणि अंधूक स्रोतांची संख्या या हिशेबाच्या कितीतरी पुढे गेलेली होती. निष्कर्ष असा, की पूर्वी रेडिओ स्रोत जास्त होते, म्हणजे विश्व बदलतं आहे, म्हणजे फ्रेड हॉइल यांचं स्थिर विश्व खोटं. पण सिडनीला मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच आकाशभाग मोजला तेव्हा दोन्ही याद्या जुळेनात. केंब्रिजची दुर्बीण जवळजवळच्या अनेक क्षीण स्रोतांना एकच ठळक स्रोत समजत होती. उत्क्रांतीचा पहिला पुरावा म्हणजे यंत्राचा दोष निघाला. पुढं १९६१ साली राइल सुधारित आकडे घेऊन आले, तर हॉइल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी त्याच आकड्यांना स्थिर विश्वात बसवून दाखवलं. स्थिर विश्वाची बाजू मला घ्यायची नाही, ती केव्हाच पडली. पण ती पडली मुख्यतः १९६५ च्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणामुळे. नुसत्या मोजणीतून संख्या वाढली, तेज वाढलं की आपण एखाद्या पोकळीत बसलो आहोत, हे कळत नाही. नारळीकरांची ती हरकत तर्काच्या बाजूनं अगदी रास्त होती, आणि हरलेल्या बाजूची म्हणून ती विसरली गेली, एवढंच.

उत्साही : रास्त होती हे मान्य. पण एखाद्या शास्त्राची पहिली मोजणी चुकली म्हणून दहावीही चुकीची ठरत नाही. सुधारित यादीतही अंधूक स्रोतांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्तच निघालं, फक्त फरक पूर्वीइतका भडक नव्हता. आणि १९६६ साली लाँगेर यांनी दाखवलं, की सगळेच स्रोत सरसकट वाढवून आकडे जुळत नाहीत. फक्त अतिशक्तिमान स्रोत पूर्वी खूप जास्त होते असं धरलं तरच जुळतात. एवढी नेमकी अट यंत्रदोषातून निघत नसते. मग भारतातून एक वेगळ्या वाटेचा पुरावा आला. गोविंद स्वरूप यांनी उटीजवळ ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण डोंगराच्या उतारावर बसवली. उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढाच, साधारण ११ अंशांचा, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर राहतो. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून सरकतो तेव्हा त्याची कड स्रोताला हळूहळू झाकते, आणि तेज कसकसं उतरलं यावरून त्या स्रोताचा आकार बारकाईनं काढता येतो. १९७० नंतर या पद्धतीनं शेकडो क्षीण स्रोतांचे कोनीय आकार मिळाले. १९७५ साली स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवलं, की स्रोत जितका अंधूक तितका त्याचा आकार कसा लहान होत जातो, याचा आलेखही तीच उत्क्रांती मागतो. राइल डोकी मोजत होते, उटीला आकार मोजले जात होते. दोन मोजण्यांचे दोष वेगळे, निष्कर्ष मात्र एकच. आज रेडशिफ्ट हाताशी असताना हे आणखी पक्कं आहे. रेडशिफ्ट दोनच्या आसपास, म्हणजे हजार कोटी वर्षांपूर्वी, सर्वांत शक्तिमान रेडिओ दीर्घिकांची घनता आजच्या शेकडो पटींनी जास्त होती.

शंकेखोर : ठीक. लोकसंख्या बदलली, हे मी मान्य करतो. पण तुम्ही तेवढ्यावर थांबत नाही ना! तुमचं पुढचं वाक्य असतं, की त्या दूरच्या रेडिओ दीर्घिका म्हणजे आजच्या दीर्घिकासमूहांच्या मध्यभागी बसलेल्या अवाढव्य लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या पूर्वज. इथं खानेसुमारीतून तुम्ही वंशावळीत शिरता. १९८४ साली लिली आणि लाँगेर यांनी रेडिओ दीर्घिकांची अवरक्त तेजस्विता रेडशिफ्टच्या समोर मांडली आणि बिंदू एका रेषेवर इतके चपखल बसले, की सगळ्यांना हायसं वाटलं. फार पूर्वी एकदाच जन्मलेले तारे आणि नंतर निवांत म्हातारी होत गेलेली दीर्घिका. तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, दोन वेगळ्या गटांना दिसलं, की या दूरच्या दीर्घिकांचा दृश्य प्रकाशातला आकार रेडिओ झोताच्या दिशेनंच लांबट झालेला आहे. निवांत म्हाताऱ्या ताऱ्यांना झोताच्या दिशेशी काय घेणंदेणं? म्हणजे ज्याला आपण ताऱ्यांचा प्रकाश समजत होतो त्यातला काही धुळीवरून विखुरलेला, लपलेल्या केंद्राचा उजेड होता, काही तापलेल्या वायूचा, तर काही कदाचित झोतानंच जन्माला घातलेल्या नव्या ताऱ्यांचा. रेषा देखणी होती, तिचा अर्थ गडबडलेला.

उत्साही : अर्थ गडबडला, रेषा नाही मोडली. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीनं सत्तरच्या आसपास दूरच्या रेडिओ दीर्घिका जास्त लांब लहरींमध्ये पाहिल्या, जिथं जुन्या ताऱ्यांचा प्रकाश प्रबळ असतो आणि केंद्राची लुडबूड बऱ्याच अंशी वेगळी काढता येते. वस्तुमान निघालं ते दहा हजार कोटी सूर्यांपासून त्याच्या तिप्पट, एवढं. रेडशिफ्ट तीन-चारच्या काळात इतक्या जड दीर्घिका विरळाच. आता त्यांचं पुढं काय झालं असेल? वस्तुमान हवेत विरत नाही. आज इतक्या जड दीर्घिका जिथं आढळतात तिथंच त्यांना जागा आहे. हा तुळस आणि आंब्याचा घोळ नाही, कारण आंब्याच्या खोडाएवढी तुळस नसते. शिवाय काही दीर्घिका आपली जन्मतारीख अंगावरच बाळगतात. ५३डब्ल्यू०९१ ही क्षीण रेडिओ दीर्घिका घ्या, रेडशिफ्ट १.५५. १९९६ साली डनलॉप आणि सहकाऱ्यांनी केक दुर्बिणीनं तिचा वर्णपट घेऊन ताऱ्यांचं वय काढलं, ३५० कोटी वर्षं. फक्त द्रव्यानं भरलेलं सपाट विश्व तेव्हा बहुतेकांना प्रिय होतं, आणि अशा विश्वाला त्या रेडशिफ्टला एवढं वयच नव्हतं. लेकरू आईपेक्षा मोठं! दोन वर्षांनी स्फोटक ताऱ्यांच्या मोजणीतून विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगानं होतंय हे कळलं आणि त्या लेकराला राहायला पुरेसा काळ मिळाला. एकट्या दीर्घिकेनं विश्वाच्या वयाला जाब विचारला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शंकेखोर : आणि लगोलग इतर गटांनी वेगळी तारकीय प्रारूपं वापरून त्याच वर्णपटातून तिचं वय निम्म्यापेक्षाही कमी काढलं, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. वर्णपट तोच होता. तारे म्हातारे होताना कसे दिसतात, हे गृहीत बदललं की जन्मतारीख बदलते. पण माझी खरी हरकत याहून खोल आहे. तुम्ही या दीर्घिका शोधता कशा? कमी वारंवारतेला खूप ठळक आणि जास्त वारंवारतेला झपाट्यानं मंदावणारे, म्हणजे तीव्र उताराच्या वर्णपटाचे, स्रोत वेगळे काढता. त्यांतले बरेच दूरचे निघतात, हा अनुभव आहे. ते तसे का निघतात यावर एकमत नाही. म्हणजे ज्याचं कारण नीट ठाऊक नाही अशी चाळणी लावायची, तिच्यातून जे खाली पडेल त्याला ‘दूरच्या रेडिओ दीर्घिका’ म्हणायचं, आणि मग त्यांच्यावरून सगळ्या जड दीर्घिकांचा इतिहास लिहायचा. २०१८ साली खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या सर्वेक्षणातून याच चाळणीनं एक स्रोत निवडला गेला आणि त्याची रेडशिफ्ट ५.७२ जाहीर झाली. टीएन जे०९२४चा विक्रम मोडला म्हणून सगळीकडे बातम्या. ती ओळख एका रेषेवर बेतलेली होती. एका रेषेला तुम्ही हायड्रोजनची म्हणालात तर एक रेडशिफ्ट, दुसऱ्या कुणाची म्हणालात तर दुसरी. याहून मोठा सापळा १९९९ साली ब्लंडेल आणि रॉलिंग्ज यांनी दाखवला. रेडिओ दीर्घिका वाढत जाते तशी तिची चमक घटत जाते. फार दूरवरून दिसायला ती फार तेजस्वी हवी, म्हणजे वयानं कोवळी हवी. तेव्हा दूरच्या सगळ्या रेडिओ दीर्घिका तरुण दिसतात, हे विश्वाच्या तारुण्याचं लक्षण नाही. म्हाताऱ्या आपल्याला दिसतच नाहीत.

उत्साही : हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण या विषयातला सर्वांत चांगला विचार त्यातूनच आला आहे. यादीतला प्रत्येक स्रोत जितका दूर तितका शक्तिमान असतो ही गफलत मोडायला वेगवेगळ्या खोलीच्या याद्या एकत्र वापरतात. केंब्रिजच्या तिसऱ्या, सहाव्या आणि सातव्या याद्या अशाच जोडीनं वाचल्या गेल्या, म्हणजे एकाच शक्तीचे स्रोत वेगवेगळ्या रेडशिफ्टवर तुलनेला मिळतात. जीएमआरटीचं ते सर्वेक्षणही, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं, १५० मेगाहर्ट्झला ९० टक्के आकाश व्यापतं आणि त्यात सहा लाखांवर स्रोत आहेत. एका रेषेच्या ओळखीवर शंका घ्यायला हवी, जरूर घ्या. रेषा दुसऱ्या कुणाची निघाली तर ती एक दीर्घिका एका खान्यातून उचलून दुसऱ्या खान्यात ठेवावी लागेल. खानेसुमारी त्यानं कोसळत नाही, आणि म्हणूनच मी चरित्राऐवजी खानेसुमारीवर भिस्त ठेवतो.

याचं टोकाचं उदाहरण द्यायचं तर तेही खोडदचंच आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या नारायणगाव परिसरात २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या, त्यामागचा एक मुख्य हेतू होता तो दूरच्या, जन्माला येणाऱ्या दीर्घिकासमूहांमधला हायड्रोजन शोधणं. ज्या रूपात तो मिळेल अशी तेव्हा अटकळ होती, त्या रूपात तो मिळाला नाही. पण २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या गटानं याच दुर्बिणीनं शंभरएक तास निरीक्षण करून, ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचले. एकाही दीर्घिकेचा हायड्रोजन स्वतंत्रपणे दिसण्याइतका ठळक नव्हता. बेरीज केली तेव्हा सरासरी संकेत वर आला, आणि कळलं, की ताऱ्यांच्या निर्मितीच्या त्या वेळच्या वेगानं एवढा वायू शंभर-दोनशे कोटी वर्षांत संपला असता. दीर्घिकांमधली तारानिर्मिती पुढं का ओसरली, याचं एक कारण हाती आलं. एकीचंही चित्र नसताना आपण सगळ्यांबद्दल खरं बोललो.

शंकेखोर : सरासरीबद्दल खरं बोललात. सरासरी दीर्घिका कुठंही राहत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण असो, तो प्रयोग खरोखर देखणा आहे आणि त्यातला निष्कर्ष आकड्यांच्या पुढं एक पाऊलही टाकत नाही. रेडिओ दीर्घिकांच्या बाबतीत मात्र पाऊल टाकलं जातं, आणि तेही लांब. ‘कृष्णविवराच्या झोतांनी जड दीर्घिकांमधली तारानिर्मिती बंद पाडली’ हे वाक्य आता पाठ्यपुस्तकात गेलं आहे. २००६ च्या आसपास संगणकीय प्रारूपांना आजच्यापेक्षा फारच जास्त तेजस्वी दीर्घिका मिळत होत्या, त्यांना आवर घालायला झोतांची उष्णता घातली आणि आकडे जुळले. एखादी गोष्ट घातल्यानं आकडे जुळतात म्हणजे ती घडली, असं होत नाही. पर्सियससारख्या दीर्घिकासमूहात झोतांनी तप्त वायूत पोकळ्या पाडलेल्या क्ष-किरणांत स्पष्ट दिसतात, तिथं मी गप्प बसतो. पण एनजीसी ५४१ च्या झोतासमोर ‘मिन्कोव्स्कीची वस्तू’ आहे, आणि तिथं झोत वायूवर आपटून नवे तारे जन्माला आले आहेत. दूरच्या ४सी ४१.१७ मध्येही तशीच चिन्हं आहेत. तोच झोत इथं तारे घडवतो आणि तिथं बंद पाडतो म्हणता! आणि झोत चालतो किती काळ? एक कोटी ते फार तर काही दहा कोटी वर्षं. हजार कोटींच्या आयुष्यात ही घटका. एवढ्या घटकेनं आयुष्यभराचा निकाल लागतो, हे सिद्ध कोण करणार?

उत्साही : घटका एकदाच आली असेल तर तुमचं बरोबर. ती पुन्हा पुन्हा आली असेल तर गणित बदलतं. आणि ती पुन्हा येते याचे पुरावे आहेत. काही रेडिओ दीर्घिकांमध्ये बाहेर विझत चाललेल्या ढगांची एक जोडी आणि आत त्याच रेषेवर ताज्या ढगांची दुसरी जोडी दिसते, म्हणजे इंजिन थांबून पुन्हा सुरू झालं. पुण्यात अशा ‘दुहेरी-दुहेरी’ दीर्घिकांवर पुष्कळ काम झालं आहे, कारण बाहेरचे विझते ढग कमी वारंवारतेलाच नीट दिसतात. लोकसंख्येचा पुरावा आणखी बोलका आहे. २००५ साली बेस्ट आणि सहकाऱ्यांनी जवळच्या विश्वातल्या दीर्घिका मोजल्या. रेडिओ-सक्रिय असण्याचं प्रमाण ताऱ्यांच्या वस्तुमानाबरोबर झपाट्यानं चढतं आणि सर्वांत जड दीर्घिकांत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पोचतं. २०१९ मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीनं अधिक क्षीण संकेतांपर्यंत जाऊन पाहिलं, तर दहा हजार कोटी सूर्यांहून जड अशा सर्वांत मोठ्या दीर्घिका जवळपास सगळ्याच काही ना काही प्रमाणात सुरू आढळल्या. म्हणजे ‘रेडिओ दीर्घिका’ ही वेगळी जात नाही. प्रत्येक जड दीर्घिका अधूनमधून ज्या अवस्थेतून जाते, तिचं हे नाव. आणि तसं असेल तर चाळणीची तुमची हरकतही सौम्य होते. चाळणीतून पडलेल्या दीर्घिका वेगळ्या कुळातल्या नाहीत, त्या क्षणी जाग्या असलेल्या आहेत.

शंकेखोर : इथंच मला तुम्हाला पकडायचं होतं. जवळच्या विश्वात ज्या सदा सुरू असतात, त्या मंद रेडिओ दीर्घिका. त्यांचं कृष्णविवर आसपासच्या तप्त वायूच्या संथ धारेवर जगतं, केंद्रात लखलखाट नसतो. तुमच्या स्पायडरवेब किंवा ४सी ४१.१७ मध्ये कृष्णविवर थंड वायूवर अधाशासारखं तुटून पडलेलं आहे, भोवती शेकडो नवे तारे दर वर्षी जन्मत आहेत. इंजिन वेगळं, इंधन वेगळं, शक्ती हजारो पटींनी वेगळी. दोन्हींना रेडिओ ढग आहेत म्हणून तुम्ही एकच नाव दिलंत आणि जवळच्यांच्या सवयी दूरच्यांना चिकटवल्यात. ‘प्रत्येक जड दीर्घिका अधूनमधून जागी होते’ हे आजच्या, सुस्त विश्वाबद्दल तुम्ही दाखवलं आहे. रेडशिफ्ट तीनला काही जड दीर्घिका सतत जाग्या होत्या आणि बाकीच्या कधीच नव्हत्या, असंही असू शकतं. तेव्हा रेडिओ दीर्घिका खरोखर वेगळं कूळ ठरतील, आणि त्यांच्यावरून इतरांचा इतिहास लिहिता येणार नाही. बरं, तपासायचं तरी कसं? जवळ तुम्ही विझलेले ढग शोधता. दूर तेही नाहीत. पार्श्वप्रारणाची ऊर्जाघनता एक अधिक रेडशिफ्टच्या चौथ्या घाताप्रमाणं वाढते. रेडशिफ्ट चारला ती आजच्या ६२५ पट होती. त्या प्रारणाशी टकरा देत इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा इतक्या लवकर गमावतात, की इंजिन थांबल्यावर रेडिओ ढग काही लाख वर्षांत दिसेनासे होतात. जिथं पुराव्याची सर्वांत जास्त गरज, तिथंच विश्वानं तो पुसला आहे.

उत्साही : पुसला नाही, दुसऱ्या खात्यात जमा केला आहे. इलेक्ट्रॉनांनी गमावलेली ऊर्जा जाते कुठं? टक्कर झालेल्या पार्श्वप्रारणाच्या फोटॉनला ती मिळते आणि तो क्ष-किरण होऊन निघतो. रेडिओला हवे असणारे इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेचे, ते आधी थकतात. क्ष-किरणांना त्याच्या दहाव्या हिश्शाच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पुरतात, आणि ते साधारण दहापट काळ तग धरतात. रेडशिफ्ट दोनला हिशेब केला तर वीस-तीस लाखांऐवजी दोन-तीन कोटी वर्षं. म्हणजे रेडिओत मेलेली दीर्घिका क्ष-किरणांत भूत होऊन उरते. आणि गंमत अशी, की दूरच्या पसरट वस्तूंची चमक प्रसरणामुळे ज्या चौथ्या घातानं घटते, त्याच चौथ्या घातानं पार्श्वप्रारण दाट होत जातं. दोन्ही एकमेकांना छेदतात. असं भूत दूर असो की जवळ, सारख्याच ठळकपणे दिसायला हवं. २००९ साली फेबियन आणि सहकाऱ्यांनी हबलच्या उत्तर खोल क्षेत्रात, रेडशिफ्ट दोनच्या जवळ, चंद्रा वेधशाळेच्या निरीक्षणांतून असं एक भूत ओळखलं. एका जड दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना क्ष-किरणांची लांबट पट्टी, आणि रेडिओत जेमतेम काही. तुमचा प्रश्न आता मोजता येण्यासारखा झाला आहे.

शंकेखोर : मोजता येण्यासारखा झाला, मोजला गेलेला नाही. एका भुतानं वस्ती ठरत नाही. पसरट क्ष-किरण पट्टी म्हणजे दीर्घिकासमूहातला तप्त वायूही असू शकतो. तो वेगळा काढायला वर्णपट लागतो आणि एवढ्या क्षीण प्रकाशाचा वर्णपट घ्यायला चंद्राला दिवसचे दिवस रोखून बसावं लागतं. पण तुम्ही अट घातलीत म्हणून मीही घालतो. भुतं जर दहापट जगत असतील, तर रेडशिफ्ट दोन ते चारमध्ये प्रत्येक जाग्या रेडिओ दीर्घिकेमागे निदान काही भुतं सापडायला हवीत, आणि ती अशा जड दीर्घिकांभोवती, ज्यांना आज कुणी रेडिओ दीर्घिका म्हणत नाही. भुतं कमी भरली, किंवा जाग्या दीर्घिकांच्याच भोवती जुन्या झोतांची भुतं सापडत राहिली, तर ती वेगळी जात होती असं मी म्हणेन आणि तुमच्या पूर्वजांच्या वंशावळीतून बहुतेक नावं खोडावी लागतील.

उत्साही : भुतं कमी भरली तर माझी अडचण, हे मला मंजूर आहे. पण जाग्या दीर्घिकांच्याच भोवती ती सापडली तर तुमचा विजय, हे नाही. भूत दिसायला ढग मोठा झालेला असावा लागतो, आणि मोठा ढग दाट वायूत कोंडला गेला तरच टिकतो. असा दाट वायू कुठं असतो? बनू घातलेल्या दीर्घिकासमूहांच्या मधोमध, म्हणजे नेमका तिथं, जिथं रेडिओ दीर्घिका जाग्या असण्याची शक्यताही सर्वांत जास्त. एकाकी जड दीर्घिकेचे झोत मोकळ्यात विरून गेले असतील, भूतही न ठेवता. तेव्हा मोजणीआधी आपल्याला हे ठरवावं लागेल, की कोणत्या परिसरातल्या दीर्घिकांची तुलना कोणाशी करायची. त्यासाठी प्रत्येक जड दीर्घिकेच्या शेजारपाजारची रेडशिफ्ट हवी, एका रेषेवरून नाही, दोन-तीन रेषांवरून.

शंकेखोर : म्हणजे चाळणी पुन्हा आलीच. या वेळी परिसराची.

उत्साही : आलीच. फरक इतका, की हिची भोकं केवढी आहेत ते मोजणीच्या आधी लिहून ठेवता येईल. परिसर दाट असेल तर किती भुतं आणि विरळ असेल तर किती, हे दोन आकडे तुम्ही तुमच्या जातीच्या कल्पनेवरून काढा, मी माझ्या अवस्थेच्या कल्पनेवरून काढतो. दाट परिसरात आपले आकडे बहुधा सारखेच येतील. विरळ परिसरातल्या, रेडिओत गप्प असलेल्या जड दीर्घिकांबद्दल ते जुळणार नाहीत, आणि तिथं आजवर फारसं कुणी पाहिलेलं नाही.